सगळ्यांना दिसणारा टॅग

मंगळवार संध्याकाळ, रत्नागिरी

लांज्याहून सुमनचा, नणंदेचा, फोन आला. "वहिनी, तू ते लेख साठवतेस ना, त्यातल्या काहींना 'छातीतली गाठ' असा टॅग लावलायस. कोणासाठी गं?"

इंटरनेटवरचे लेख साठवायच्या त्या साइटवर मी सगळंच साठवते. पाककृती, कलमांची फवारणी, ऑफिसचे नियम. टॅग लावला की हवं ते चटकन सापडतं, दुसऱ्यांनी जमवलेलंही वाचता येतं. गाठीबद्दल धड माहिती मला तिथेच मिळाली. पण माझी यादीही सगळ्यांना दिसते, हे कसं लक्षात आलं नाही? ऑफिसात कोणी बघितलं असेल? आणि मुंबईला ह्यांनी? ह्यांना तर मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

सुमनला शेजारणीचं नाव सांगणार होते. तोंडातून निघालं, "माझ्यासाठीच. फार भीती वाटते गं."

ती म्हणाली, "उद्या सकाळच्या एसटीने येते. दोघी डॉक्टरांकडे जाऊ."

फोन ठेवून आधी तो टॅग काढला. 'छातीतली गाठ'. आता कोणाला दिसणार नाही. सुमन येतेय म्हणून बरं वाटतंय. पण ती आली की जावंच लागणार, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटतेय.