भिंतीला धरून

तीर्थरूप बाबांना, लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आमच्या वॉर्डात कोणी लटपटत चालो, कोणी डुगडुगत, आम्ही नर्स एकच इंग्रजी शब्द लिहितो, ‘अनस्टेडिली’. तो लिहिला की त्या माणसाला एकट्याने उठू देत नाहीत. आमच्यातलं कोणीतरी मागून चालतं. हात कमरेजवळ ठेवायचा, पण लावायचा नाही, म्हणजे त्यांचा मान राहतो.

दादा म्हणाला, तुम्ही मोरीपर्यंत भिंत धरून जाता आणि विचारलं तर गिलावा तपासतोय म्हणता. आईला पटतं का हे?

तुमच्या नावापुढे मी मनात तो शब्द लिहिलाय. दादा मागून आला तर रागावू नका. हात लावायचा नाही, हे मी त्याला फोनवर शिकवलंय.

तुमची धाकटी