आडवी मूठ

दि. ३ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुम्ही खुशाल असाल. मीही बरी आहे, गुडघे सोडून.

हे गेल्यावर तुमचं दोन ओळींचं पत्र आलं होतं. आलेल्या सगळ्या पत्रांना मी महिन्याभरात उत्तरं लिहिली. तुमचं तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे मीच बाजूला ठेवलं. पाच महिने झाले. राग नसावा.

आधी बातमी सांगते. थोरली पुन्हा चालणार असं दिसतंय.

इंजिनाला हे नाव तुम्हीच ठेवलंत. माझ्या लग्नाला आठवडा झाला नव्हता आणि तुम्ही म्हणालात, "वहिनी, चला, सवतीला भेटवतो." मी बिचकत शेडमध्ये आले, तर आत एक गंजलेलं इंजिन. बंद पडलेल्या दगडखाणीतून तुम्ही दोघा भावांनी ओढत आणलेलं. दोन फूट रुंदीचे रूळ, चार किलोमीटरची लाइन, तीन उघडे डबे. दर रविवारी माणसं बसवायची, तळ्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची. एवढ्यासाठी दोन भावांचं सगळं तारुण्य. त्यात बघण्यासारखं काय आहे, ते मला कळत नव्हतं. आठवडाभर औषधांच्या दुकानात बसायची आणि रविवारी इथे तिकिटं फाडायची, पितळ घासायची. तीस वर्षं केलं, पण खरं सांगते, कळलं नव्हतं.

तुम्ही गेलात त्यानंतर नऊ वर्षं ती पेटली नाही. ह्यांनी तिला पूर्ण उघडली. वाकलेला पत्रा बदलला, बोल्ट बदलले, मग धुराच्या नळ्या. ब्याऐंशीपैकी एकाहत्तर बसवून झाल्या होत्या. मे महिन्यात दुपारी जेवायला का आले नाहीत म्हणून बघायला गेले, तर बाकावर टेकून बसलेले होते.

उरलेल्या अकरा नळ्या ठोकेरावांनी बसवल्या. हे एक जुने बॉयलर मेकॅनिक आहेत. खरं आडनाव वेगळंच आहे, पण प्रत्येक बोल्टवर हातोडीनं ठोका मारून कान देतात, म्हणून ठोकेराव. तुम्हाला आवडले असते. पहिल्याच दिवशी बॉयलरमध्ये डोकं घालून म्हणाले, "वहिनी, ज्यानं हे काम केलंय त्याला घाई नव्हती."

काल पाण्याची चाचणी झाली. तुम्हाला यातलं सगळं ठाऊक आहे, पण मी पहिल्यांदाच पाहिली. बॉयलर काठोकाठ थंड पाण्यानं भरला आणि हातपंपानं दाब चढवला, रोजच्या दीडपट. ठोकेराव पंपावर, आणि बारीक अंगाची म्हणून बॅटरी घेऊन मी फायरबॉक्समध्ये, आगीच्या पेटीत, कमरेपर्यंत. आत तीनशेच्या वर बोल्ट आहेत. पत्र्याच्या पलीकडे एवढं पाणी बाहेर पडायला वाट शोधतंय आणि मध्ये फक्त एका माणसाचं काम. बाहेरून आवाज आला, "दिसतोय का थेंब?" मी एकेक बोल्ट बघत गेले. एकाच्याही कडेला ओल नव्हती. तुमच्या दादांच्या हातचा प्रत्येक बोल्ट कोरडा होता. माझं तोंड आत होतं ते बरंच झालं.

चौदा तारखेला इन्स्पेक्टर येतील, त्यांच्यासमोर वाफ करायची. ठोकेराव इंजिन चालवतील आणि फायरमन म्हणून आग मी सांभाळीन, कारण दुसरं कोणी नाही. मला शिकवणं चालू आहे. "फावडं आहे ते, पळी नाही," असं दिवसातून चारदा ऐकते. ह्यांचे बूट मला दोन नंबर मोठे होतात, पुढे कापूस कोंबून घालते.

एक विचारायचं होतं. नऊ वर्षांपूर्वी, त्या अपघाताच्या रविवारी, तुम्ही बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच तपासली होतीत, असं तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं होतं. किती वाजता तपासलीत, आठवतं का? का विचारते ते आत्ता विचारू नका. एका ओळीचं उत्तर पुरे.

वहिनी


दि. १६ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

तुमचं कार्ड तेराला मिळालं. "सहा वीस. तुम्ही चहा घेऊन आलात त्याआधी." एवढंच. नऊ वर्षांनी मिनिटासकट. कार्ड वाचून मी शेडच्या पायरीवर बसले. ठोकेरावांनी विचारलं, "काही वाईट?" मी म्हटलं, "नाही. बरोबर आहे."

आधी चौदा तारखेचं लिहिते. ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

पहाटे आग पेटवली. ठोकेराव म्हणाले, हिला घाई केलेली चालत नाही, हळूहळू तापू द्यायची. पहिला तास काहीच झालं नाही. मग पत्रा टिकटिक करायला लागला, कुठूनतरी आतून, जसं कोणी नखानं वाजवतंय. ठोकेरावांनी मला बॉयलरच्या मागच्या टोकाशी नेलं आणि बॉयलर आणि खालची चौकट यांवरून ओढलेली खडूची एक बारीक रेघ दाखवली. "ही सकाळी जुळत होती. आता बघा." रेघ तुटली होती. बॉयलर पुढून पक्का बांधलेला असतो, मागून मोकळा सोडतात, कारण तापला की तो लांब होतो. तीन मिलिमीटर. एवढं जड लोखंड, आणि आमच्या आगीनं ते वाढलं होतं. मी रेघेवर बोट ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे. तुम्हा दोघांना हे कायम ठाऊक होतं. जेवायला बसल्यावर तुम्ही एकमेकांकडे बघून का हसायचात, ते मला आता कळलं.

काटा चढत गेला. फायरबॉक्सचं दार उघडलं की आग लाल नव्हती, पांढरी होती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. मी दुकानात बत्तीस वर्षं थेंब मोजून औषधं दिली. इथे नुसतं पाणी आणि नुसती आग, औषधात घालायचं म्हटलं तर काहीच नाही, आणि त्यांनी हा डोंगर उचलायचा? इन्स्पेक्टरांनी मान हलवली. ठोकेरावांनी दांडा थोडासा ओढला. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. काही झालं नाही. शेडचा खांब मागे सरकला. मग कळलं, खांब नव्हे, आम्ही सरकत होतो.

तळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत मी एकदाही रडले नाही, कारण कोळसा टाकायचा होता.

आता ते दुसरं.

पाण्याची काच शिकवताना ठोकेरावांनी मला तिचे तीन कॉक, म्हणजे तोट्या, दाखवले. वरचा वाफेचा, मधला पाण्याचा, खालचा निचऱ्याचा. तिन्ही मुठी खाली लोंबत असतात. "अशा असल्या की सगळं ठीक," ते म्हणाले. "पूर्वी इथे मधला कॉक दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा होता म्हणे. त्याची मूठ आडवी असली की उघडा, खाली केली की बंद. असलं काही ठेवू नये. एखादा सरळ करायला जायचा."

भाऊजी, मी बाटल्यांची लेबलं एका ओळीत लावणारी बाई आहे. कुठे काही वाकडं दिसलं की माझा हात जातो.

त्या रविवारी मी तुम्हाला चहा दिला आणि तुम्ही तो प्यायला बाहेर गेलात. मी इंजिनावर चढून पितळ पुसलं. दोन मुठी सरळ होत्या आणि मधली आडवी. मला ती आवडली नाही. गरम होती, फडकं धरून मी ती खाली केली. तिन्ही एका रांगेत आल्या. मला बरं वाटलं, हेही आठवतं.

काचेत पाणी तिथल्या तिथे अडकलं. तुम्ही दोघं काचेकडे बघत होतात, काच अर्धी भरलेली दाखवत होती, आणि आत पाणी उतरत चाललं होतं. तळ्याच्या वळणावर फायरबॉक्सच्या छताचं, पाणी संपलं की वितळणारं शिशाचं बूच वितळलं आणि सगळी वाफ आगीत आली. तुम्ही हातानं दार लोटलंत म्हणून ती बाहेर आली नाही. डब्यातल्या कोणाला ओरखडाही आला नाही. तुमचा हात कोपरापर्यंत भाजला. आणि ह्यांनी त्या भाजलेल्या हातासमोर, चाळीस माणसांत तुम्हाला म्हटलं, "काच तपासायची राहिली ना? डोळे आहेत की बटणं?" तुम्ही म्हणालात, "दादा, तपासली होती." हे म्हणाले, "खोटं तरी बोलू नकोस." मी तिकिटांचा डबा धरून उभी होते.

ठोकेरावांनी शिकवलं त्या दिवशीच मला संशय आला. म्हणून तुम्हाला वेळ विचारली. तुमचं कार्ड आल्यावर संशय राहिला नाही.

इथे थांबता आलं असतं. माझी चूक, मला आत्ता कळली, क्षमा करा, असं लिहून. चौदाच्या रात्री तसंच पत्र लिहिलंही. फाडलं.

इन्स्पेक्टरांना इंजिनाचं नोंदींचं पुस्तक बघायचं होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं. त्यात त्या वर्षीच्या दोन नोंदी ह्यांच्या अक्षरात आहेत. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची, आठ तारखेची: "मधला कॉक बदलला." अकरा तारखेची: "बूच वितळले. कारण: फायरमनचा निष्काळजीपणा."

आधी आठ, मग अकरा.

काढलेला कॉक ह्यांच्या खणात सापडला. मूठ बंद बाजूला, आणि तिच्या खाचेत पॉलिशची वाळलेली पांढरी पूड. इंजिनावर पॉलिश फक्त मी वापरायची. ह्यांना आठ तारखेलाच कळलं होतं. त्यानंतर ह्यांनी मला इंजिनावर चढू दिलं नाही. "राहू दे, पितळ मी पुसतो," म्हणायचे. मला वाटायचं, माझे गुडघे बघून म्हणतात.

तुमच्यात आणि माझ्यात ह्यांनी मला निवडलं. मला विचारलं नाही. त्या नोंदीमुळे दुसऱ्या लाइनीनं तुम्हाला कामावर घेतलं नाही, आणि तुम्ही पुन्हा इंजिनाला हात लावला नाही, हे मला लोकांकडून कळलं होतं. ह्यांनाही कळलं असणार. नऊ वर्षं ह्यांनी तीनशे बोल्ट असे बसवले की एकही पाझरला नाही, पण एक ओळ खोडली नाही. ह्यांच्यावर रागवायचं कसं हे मला येत नाही, कधी आलंच नाही. पण त्यांची बाजूही मी घेणार नाही.

मी इन्स्पेक्टरांना सगळं सांगितलं. ठोकेराव हातोडी पुसत राहिले. इन्स्पेक्टर म्हणाले, "बाई, इतक्या जुन्या गोष्टीला कोणी विचारत नाही. मी पास केलंय. रविवारी गाडी काढा." मी म्हटलं, खोट्या नोंदीवर सही करून गाडी काढणार नाही. मग ते म्हणाले, दुरुस्ती तुम्ही लिहा, पण खाली सही त्या दिवशी इंजिनावर असलेल्या माणसाची लागेल. तसा एकच माणूस आहे.

दुरुस्ती मी लिहिली आहे. "कारण: मालकाच्या पत्नीने मूठ फिरवली. फायरमनने काच तपासली होती. मालकाला हे माहीत होतं." तिसरं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

पुस्तक सोबतच्या पार्सलमध्ये आहे. त्याची दुसरी प्रत नाही. पुस्तक जागेवर नसताना गाडीत माणसं बसवायची नाहीत असा नियम आहे, तेव्हा मी आग काढली आहे, बॉयलर रिकामा केला आहे आणि रविवारचा फलक उतरवला आहे. सही करून पाठवा, न करता पाठवा, नाहीतर पाठवूच नका. यांतलं काहीही केलंत तरी मी पुन्हा पत्र लिहून गळ घालणार नाही. ठोकेराव म्हणाले, "वहिनी, अख्खी गाडी पोस्टात टाकलीत." मी म्हटलं, ती ज्याची अर्धी आहे त्याच्याकडेच टाकली.

तुम्ही खरं बोलत होतात.

तुमची वहिनी