निशांत अजून जिवंत आहे

दीक्षा,

कामावर जायले मिहानची बस पकडायची आहे, म्हणून तुले उठवलं नाही. कुकरमध्ये खिचडी आहे, खाऊन घेजो.

तुझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचलं. लग्न तुझं मोडलं वं, निशांतले काहून मारलंस? तो बिचारा मंडपात पोचून राहिला होता.

पाठवून दे म्हणालीस, पण प्रकाशकाले पाठवलं नाही मी. एकीनं रडून लिहिलेलं दुसरीनं अडवायचं, हे आपलं ठरलेलं आहे. मी नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा माझी नायिका अंबाझरी तलावात बुडवली होती. तूच तिले हात धरून काठावर आणलं.

शेवटच्या पानावर निशांतले मी दवाखान्यात नेऊन ठेवलं आहे. श्वास चालू आहे. शुद्धीवर मात्र तूच आणशील त्याले.

संध्याकाळी येते.

कामिनी