काजलले दिलेली पहिली प्रत

अंकित,

मी गावाले, आंजीले घरी चाललो, सोमवारी येतो. कुकरमध्ये भात आहे. दुधासाठी गंज-पातेलं बाहेर ठेवजो.

माझी प्रेमकथा परत आली तवा प्रकाशकाचा मेल तू मेसमध्ये सगळ्याईले वाचून दाखवला होता. "नायक खोटा वाटतो, असं पोरीशी कोणी बोलत नाही." सारे पोट धरून हासले. मी ताट तसंच टाकून उठलो, तरी तू हासतच राह्यला.

मंग मी नायक बदलवला. तू खाटेवर पडून फोनवर जे बोलतं, ते शब्द न् शब्द त्याच्या तोंडी घातलं. "तुह्याशिवाय मले चहा बी गोड लागत नाई" हे बी. दोन पोरीईले एकच वाक्य, तुह्यासारखंच. नागपूरच्या दुसऱ्या प्रकाशकानं पुस्तक लगेच घेतलं. म्हणे, नायक एकदम जिवंत आहे!

काल पुस्तक आलं. पहिली प्रत मी तुह्या काजलले दिली. आज सकाळी तिचा फोन आला, "कुंदनभाऊ, यातली दुसरी पोरगी कोण?" मी नाव सांगून टाकलं.

संध्याकाळी ती रूमवर येऊन राह्यली. भावनाले सोबत घेऊन. कुठं जाऊ नको.

कुंदन