आवाजाची वायर

१२ जाने. १९८८
सुहासची ट्रंक आली, बोटीच्या कंपनीकडून. पोरगा बोटीवरच तापाने गेला त्याला दोन महिने झाले, त्याचे कपडे आज आले. तळाला कोरा करकरीत व्हीसीआर आणि एक कॅसेट. सोबत्याची चिठ्ठी: दिवाळीत आम्ही सगळे घरच्यांसाठी कॅमेऱ्यासमोर बोललो, ही सुहासची. सौ. चिठ्ठी घेऊन मागीलदारी गेली. रडून आली, मग भात टाकला.

१३ जाने.
ॲन्टेनाची उरलेली वायर सोलून जोडली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. बाजारात मजीदकडे गेलो. माझा जुना विद्यार्थी, आता रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. म्हणाला, "सर, दोन लागतील. एक चित्राची, एक आवाजाची."
"ॲन्टेनाला एकच पुरते ना? मला शिकवतोस?"
 स्वस्तातली एकच घेऊन आलो. जन्मभर मास्तरकी केली, दुसरं काय होणार.

१४ जाने. संक्रांत
सुहास दिसला! दाढी वाढवलीय. निळा शर्ट. ओठ हलतात, आवाज नाही. पाचेक मिनिटं बोलतो. मधे एकदा मान खाली घालतो, थांबतो, मग पुन्हा बोलतो.
यंदा सण नाही, तरी सौ.ने चार तिळगूळ वळले होते. एक पडद्यापुढे धरला. मला बघवेना. पडवीत जाऊन बसलो.

१६ जाने.
मजीद म्हणतो, "दुकानातल्या संपल्या, दुसरी मुंबईहून मागवलीय. तोवर आहे तीच आवाजाच्या भोकात घाला, सर. बोलणं ऐकू येईल. चित्र मात्र जाईल."
घरी येऊन वायरीला हात घातला तर सौ. अंगावर आली. "काढू नका! जाईल तो."
मग आपणच सांगत बसली. आता म्हणतोय, आई बरी आहेस ना. आता विचारतोय, दारच्या हापूसला मोहोर आला का. मी हो हो करत राहिलो.
खरं तर सुटल्यासारखं वाटलं. लिहायलाही लाज वाटते.

१९ जाने.
लिहूनच टाकतो. दोन वर्षांपूर्वी सु. बोटीवर जायला निघाला तेव्हा एस.टी. स्टँडवर मी त्याला म्हणालो, "शाळेतली नोकरी सोडून चाललास ना, मग परत तोंड दाखवू नकोस." सौ.ला ठाऊक नाही. ती त्याच्यासाठी जागा धरायला गाडीत चढली होती.
त्यानंतर माझ्या नावाने एक पत्र नाही.
आता रोज तोंड तेवढं दिसतं.

२३ जाने.
वायर आली. मजीद स्वतः देऊन गेला, चहाला थांबला नाही. सौ.ने टीव्ही पुसला, समोर पाट मांडला.
"लावा ना. माझा बाबू काय बोलतोय ते कानांनी ऐकू दे."
म्हटलं, पाच मिनिटं थांब. ती चुलीकडे गेली. वायर मांडीवर आहे. मान खाली घालून तो जे बोलतो ते माझ्याबद्दलच असणार. रागाचं असेल, नाहीतर... तेही सोसणार नाही मला. आणि हिला कळल्यावर ही माझ्याशी...
आधी मीच सांगतो. मग लावतो. हाक मारली आहे. पदराला हात पुसत येते आहे.