मुद्दाम फाडलेलं

आई, तुझ्याशी एक भांडण अर्धं राहिलं होतं, हे मी पार विसरून गेले होते. परवा एका जीन्समुळे आठवलं.

मी इथल्या पलासिया भागातल्या कॉलेजात फॅशन शिकवते, ही नोकरी तू असतानाच लागली होती. शेजाऱ्यांना तू "सिलाई शिकवते" असं सांगायचीस आणि मी चिडायचे. दरवर्षी माझं एक लेक्चर पंकवर असतं. लंडनमधली बेकार पोरं, अंगात फाटके कपडे, ते सेफ्टी पिनांनी जोडलेले, गळ्यात कुत्र्याचे पट्टे, केस उभे. सभ्य माणसांना चीड यावी एवढाच हेतू. मग तेच कपडे मोठ्या दुकानांच्या काचेत कसे जाऊन बसले, नवी कोरी जीन्स आता गुडघ्यावर फाटूनच कशी येते, लग्नातल्या ब्लाउजवरही त्या पोरांचे धातूचे टोकदार स्टड कसे दिसतात, हे सगळं मी सांगते आणि मुलं लिहून घेतात. पडद्यावर सेफ्टी पिनचा फोटो आला की मला दरवेळी तुझ्या बांगड्या दिसतात. त्यांत पिना अडकवलेल्या असायच्या, निऱ्यांसाठी, पदरासाठी, शिवाय ऑफिसात कोणाला लागली तर म्हणून. तुझी पिन कोणाला दिसता कामा नये आणि त्या पोरांची दिसलीच पाहिजे, एवढाच काय तो फरक.

मी स्वतः कॉलेजात होते तेव्हाचा चौदा एप्रिल, जयंतीचा दिवस. आपल्याला महूला जायचंय. तू स्वयंपाकघरात ओट्याशेजारी आजोबांची फौजेतली कांबळ घडी करून अंथरली आहेस आणि सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करते आहेस. हाताने पाणी शिंपडायचं, वाफ निघेपर्यंत दाबायचं, कॉलर आधी आतून मग बाहेरून. आजोबा फौजेतून ही सवय घेऊन आले आणि तेव्हापासून आपल्या घरातलं कोणी चुरगळलेल्या कपड्यात दूध आणायलासुद्धा गेलं नाही. अशा घरात मी ब्लेडने फाडलेली जीन्स आणि पिना लावलेलं जाकीट घालून येऊन उभी राहते.

"ये क्या पहना है?" रागात तू हिंदीवर यायचीस.

"फॅशन आहे आई. पंक म्हणतात. त्यात विरोध असतो."

"किसका विरोध?"

"सगळ्यांचा," मी म्हणते, कारण दुसरं काही सुचत नाही.

तू इस्त्री उभी करून ठेवतेस. आवाज चढवत नाहीस. "माझ्या आजीला गावातले मोठे लोक लुगडं द्यायचे ना, ते पहले फाडायचे. अच्छा-भला लुगडं. आपल्या अंगावर साबूत कपडा दिसू नये म्हणून. आणि तू स्वतः ब्लेड घेऊन बसलीस." मग म्हणतेस, "बदल, नाहीतर घरी बस."

मी घरी बसले. तुम्ही सगळे गेलात. मला तुझा राग आला होता आणि माझीच लाजही वाटत होती. राग दाखवणं सोपं होतं, तेवढाच दाखवला. पुढे हा विषय तूही काढला नाहीस, मीही नाही.

तुझ्या आजीचं लुगडं मात्र मी लेक्चरमध्ये घातलं. तिकडच्या पोरांनी चांगले कपडे फाडले, आणि इकडे ज्यांना फाटकं घालायला लावलं होतं त्यांनी पांढरं आणि कडक घातलं. चिडायचे ते लोक तेवढेच चिडले, असं सांगते. "मतलब मॅम, इस्त्री म्हणजे आपला पंक," एक मुलगा म्हणाला. वर्ग हसला. मला बरं वाटलं. तुला वाटलं नसतं. कोणाला चिडवायला म्हणून तू इस्त्री करत नव्हतीस.

परवा जयंतीला माझी मुलगी तयार होत होती. तू तिला पाहिलं नाहीस. पलंगावर पांढरा शर्ट काढून ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी गुडघ्यावर फाडलेली जीन्स.

"आज तरी पांढरी सलवार घाल ना," मी म्हटलं.

"मम्मी, शर्ट आहे ना पांढरा. जीन्सचं काय टेन्शन? तूच तो पढाती है, विरोध वगैरा."

मग मी तिला लुगड्याचं सांगितलं. तुझ्याच शब्दांत, जवळजवळ तुझ्याच आवाजात. तिने जीन्स हातात घेऊन पाहिली. वाटलं, आता बदलेल. "मग तर मी नक्कीच घालणार," ती म्हणाली. "ते त्यांनी फाडलं होतं. ही मी फाडली आहे. मेरी मर्जी." आणि आंघोळीला गेली.

किसका विरोध, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. मला तेव्हा सुचायला हवं होतं. तिचं बरोबर आहे, हे मला कळत होतं, आणि तरी ते गुडघे बघवत नव्हते.

मी कांबळ अंथरली. पाणी शिंपडून त्या जीन्सला इस्त्री केली. इस्त्रीचं टोक सारखं छिद्रातल्या दोऱ्यांत अडकत होतं, म्हणून हळू जावं लागलं. घडी कमरेपासून निघून भोकापाशी तुटली, पण खाली परत सरळ उतरली. "जीन्सला कोण क्रीज पाडतं यार," ती म्हणाली, आणि घातली. महूला एवढी गर्दी होती की गुडघे बघायला कोणाला वेळ नव्हता. मी मात्र दिवसभर बघत होते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून सांगून टाकते. इस्त्रीच्या आधी मी सुईत निळा दोरा ओवला होता. जीन्स मांडीवर घेऊन बसलेही होते. बाथरूमची कडी वाजली, म्हणून उठले. सुई अजून भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचलेली आहे, दोऱ्यासकट.