पाच मीटर केबल

शनिवार, ३ जानेवारी
मोहनेला दादाकडे गेलेलो. कल्पिताचं लग्न मे महिन्यात ठरलंय. कल्पिता दादाची एकुलती एक मुलगी, मी तिचा एकुलता एक काका. जबाबदारी आलीच. प्री-वेडिंग शूटचा विषय चाललेला. कल्याणचा कोणी फोटोग्राफर ठरवलेला, त्याचे सॅम्पल फोटो फिरत होते. मी बघून नुसता हसलो. हसल्यावर सगळे माझ्याकडेच बघायला लागले, मग बोलणं भाग पडलं. म्हटलं, हे जुनं झालं, आता टेदर्ड शूट करतात.

कोणालाच माहीत नव्हतं. समजावून सांगितलं. कॅमेरा केबलने टॅबला जोडायचा, टॅब ट्रायपॉडवर बसवायचा. इकडे फोटो काढला की तिकडे टॅबवर मोठ्ठा दिसतो. तोही स्टुडिओत नाही, बाहेर, नदीकाठी. दादाने विचारलं, तुला येतं का हे? दादा पहिल्यापासून संशयी. मी म्हटलं, येतं म्हणजे काय! त्याचं समाधान झालं असावं.

कल्पिताने तिथल्या तिथे फोटोग्राफरला फोन करून नाही म्हणून सांगितलं. शूट रविवारी, १ फेब्रुवारीला. नवरामुलगा ऋतुराज जहाजावर असतो. महिनाअखेरीस येतोय आणि ३ फेब्रुवारीला परत निघतोय, तो थेट लग्नाच्या आठवड्यात उगवणार. म्हणजे रविवार तो एकच.

घरी डोंबिवलीला येईपर्यंत संचिता एक शब्द बोलली नाही. कौतुकाने बायका कधीकधी गप्प होतात.

मंगळवार, ६ जानेवारी
होल्डर आला. टॅबला ट्रायपॉडवर धरून ठेवणारा चिमटा. ऑफिसात सगळ्यांसमोर उघडला. टॅब त्यात बसत नाही. मोबाईल बसतो. वेबसाईटवरच्या फोटोत मोठा दिसत होता. फोटोग्राफीतल्या माणसाला फोटोनेच फसवावं! परत पाठवला.

टॅब संचिताचा आहे. ती त्यावर आठवी-नववीच्या ट्यूशन घेते. टॅब लागणार हे तिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगायचं.

शनिवार, १० जानेवारी
दुसरा होल्डर आला. टॅब बसला! संचिता भाजी आणायला गेली तेवढ्यात बाल्कनीत ट्रायल घेतली. हात लावून धरलं की सगळं सरळ उभं राहतं. हात काढला की टॅब पुढे झुकतो आणि मागोमाग ट्रायपॉड. म्हणजे सिस्टिम उत्तम आहे, फक्त हात काढायचा नाही.

एवढ्यात संचिता आली, पाठोपाठ संध्याकाळची बॅच. तिने बाल्कनीचं सरकतं दार लावून घेतलं. मग टॅब शोधायला लागली. मला काचेतून दिसत होतं. सोफ्याखाली, फ्रिजवर, मुलांच्या दप्तरांत. मी टॅब धरून वाळत घातलेल्या चादरीमागे उभा. हात सोडावा तर टॅब खालच्या पार्किंगमध्ये. हाक मारावी तर सात मुलं. बॅच सुटेपर्यंत तसाच उभा राहिलो. शेवटी ती चादर काढायला आली.

टॅबसाठी परवानगी मिळाली. करा काय करायचं ते, असे शब्द होते.

बुधवार, १४ जानेवारी
संक्रांत. कल्पिता तिळगूळ घेऊन आलेली. म्हणाली, काका, तुमच्यामुळे मला फोटोंचं काही टेन्शनच नाही. मग जरा हळू आवाजात म्हणाली, तो गेला की तीन महिने नेटवर्क असेल-नसेल, निदान बघायला फोटो तरी असतील.

तिला सांगावंसं वाटलं, की अजून टॅब आणि कॅमेऱ्याची ओळख झालेली नाही. दोघांत केबल आहे, पण टॅब म्हणतो डिव्हाईस सापडत नाही. तोंड उघडलंसुद्धा. पण सणाचा दिवस. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणतात. खरं बोला असं कोणी म्हणत नाही. तिळगूळ खाल्ला.

रात्री जेवणानंतर कळलं, केबल फक्त चार्जिंगची होती. नवी मागवली. पाच मीटर.

रविवार, १८ जानेवारी
नवी केबल जोडली आणि टॅबला कॅमेरा सापडला! लगेच जवळच्या मैदानात आउटडोअर ट्रायल. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला गव्हाच्या पिठाची पिशवी टांगली. आता झुकत नाही. हा माझा स्वतःचा शोध. (नेटवर पण आहे.)

एकच अडचण, ऊन. स्क्रीनवर फोटो दिसतच नाही, माझा चेहरा दिसतो. मग घरून काळं कापड आणून टॅबवर टाकलं आणि त्यात डोकं घातलं. स्पष्ट दिसतं. घामही स्पष्ट येतो. बाहेर आलो तर समोर पाच-सहा माणसांची रांग. एका आजोबांनी चष्मा काढून विचारलं, मोतीबिंदूचं पण बघता का? सांगितलं, हे फोटोग्राफीचं आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणाले, मग पीठ कशाला?

दुपारी टॅब तापून बंद पडला. एवढ्या उन्हात माणूसही पडतो. निष्कर्ष: तयारी जवळजवळ पूर्ण.

गुरुवार, २२ जानेवारी
शांतपणे विचार केला. तो कल्याणचा फोटोग्राफर गरीब बिचारा, हातातलं काम गेलं त्याचं. माणुसकी म्हणून दादाला फोन केला. म्हटलं, त्यालाही बोलावू, माझा असिस्टंट म्हणून. दादा म्हणाला, त्याने त्या रविवारी दुसरं काम घेतलं. मी म्हटलं, मग आणखी कोणी? दादा म्हणाला, विनीत, काही प्रॉब्लेम आहे का? मी म्हटलं, छे.

संध्याकाळपासून अंगात कणकण. आठ-दहा दिवस टिकेल अशी वाटत होती. संचिताने थर्मामीटर लावला. नॉर्मल. थर्मामीटरही माहेरच्यांना सामील असावा. (मोहने तिचं माहेर नाही, पण मुद्दा तोच.)

सोमवार, २६ जानेवारी
झेंडावंदनानंतर सोसायटीच्या गच्चीवर फायनल रिहर्सल. मॉडेल संचिता. सगळं चाललं! कॅमेरा हातात, केबल टॅबला, क्लिक केलं की फोटो टॅबवर. मी वीसेक फोटो काढले. मग लक्षात आलं, ती पोज द्यायची सोडून टॅबसमोर उभी आहे. एकेक बघत होती. एकात तिचं कपाळ नव्हतं. एकात ती नव्हतीच, पाण्याची टाकी होती.

म्हणाली, अहो, इतकी वर्षं तुम्ही असेच काढत होतात? म्हटलं, सगळे असेच काढतात. शंभर काढायचे, पाच ठेवायचे, बाकीचे गुपचूप उडवायचे. ती म्हणाली, मग आता गुपचूप कसे उडवणार?

हा मुद्दा आधी कोणी काढला नव्हता. मोहनेत टॅबसमोर सगळं घर बसणार. मीच तसं सांगितलंय.

शनिवार, ३१ जानेवारी
उद्या. बॅग भरली. पीठ घेतलं. काळं कापड घेतलं. संकल्प: उद्या प्रत्येक फोटो चांगला काढायचा. आधी हे सुचलं असतं तर बराच वेळ वाचला असता.

रविवार, १ फेब्रुवारी
सकाळी ७.३०. मोहने, नदीकाठ. ऊन कोवळं. संचिता आणि मी लवकर पोचलो. ट्रायपॉड उभा केला, टॅब बसवला, पीठ टांगलं. आता दोघं आली की सुरू. मूड चांगला.

सकाळी ८.१५. सगळे आलेत. दादा, वहिनी, आई, ऋतुराजचे आईवडील, शेजारचे परशुराम पाटील आणि त्यांची बायको बायजाकाकू. घरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्यात. टॅबसमोर ओळीने मांडल्यात. पोहे फिरतायत. मॅच बघायला बसतात तसे बसलेत. पाटील म्हणाले, हां विनीतशेठ, होऊं दे चालू.

सकाळी ९. कल्पिता फार छान दिसतेय. पिवळी साडी. ऋतुराज लाजतो, पण मुलगा चांगला आहे. मी क्लिक करतो आणि मागे खुर्च्यांतून आवाज येतात. डोळे मिटले. हिचा हात कुठे गेला? डोकं कापलं की हो. पाटील प्रत्येक फोटोला फक्त "नाय" म्हणतात. मधेच टॅबवर ट्यूशनच्या पालकांचा मेसेज आला, उद्या बीजगणिताचा पेपर आहे का? ऋतुराजच्या वडिलांनी तो मोठ्याने वाचला.

सकाळी १०. दादा उठून माझ्याजवळ आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, विनीत, पोरीचा हा एकच रविवार होता रे. मी म्हटलं, दादा, अँगल चुकतोय, लो अँगल हवा. आता खाली उतरून काढतो.

दुपारी २. दादाकडे. पायजमा दादाचा.
काय झालं ते क्रमाने लिहितो. केबल कॅमेऱ्यातून निसटू नये म्हणून मी ती पट्ट्याच्या लूपमधून ओवून गाठ मारलेली. प्रोफेशनल लोक असंच करतात. दोघं घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी, मी त्यांच्या पुढ्यात खाली उतरलो. जमीन हिरवी होती. ती जमीन नव्हती, जलपर्णी होती. खाली चिखल. एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढायला दुसरा रेटला, तोही गेला. पुढे एक दगड होता, तिथे हात पोचला असता. पण केबल ताणलेली. वर बघितलं तर टॅबसकट ट्रायपॉड माझ्याकडे वाकलेला, पिठाची पिशवी झोका घेतेय. पुढे सरकलो तर टॅब पाण्यात. जागेवर राहिलो तर मी पाण्यात. गाठ सोडावी तर दोन्ही हातांत कॅमेरा, तो डोक्याच्या वर धरलेला. संचिताने धावत येऊन ट्रायपॉडला मिठी मारली. मला नाही, ट्रायपॉडला.

मी ओरडलो, घाबरू नका, कंट्रोलमध्ये आहे. तेव्हा मांड्यांपर्यंत होतो.

ऋतुराज पायरीवरून खाली वाकला, हात पुढे केला. पोचेना. कल्पिताने त्याला मागून कमरेला धरलं, तो आणखी वाकला. तिचा पदर सुटला, केस सुटले, आणि ती हसायला लागली. मग तोही. थांबेचनात दोघं. ऋतुराज म्हणत होता, काका हात द्या, आणि मी म्हणत होतो, हातात कॅमेरा आहे. तेवढ्यात डोक्यावरचा कॅमेरा आपोआप वाजला. क्लिक. पुन्हा क्लिक. मला वाटलं पाणी गेलं आत, संपला.

शेवटी दादा बुटांसकट चिखलात उतरला. त्याने आधी केबलची गाठ सोडली, मग मला काखेत धरून उपसलं. लहानपणी गावच्या विहिरीत मला पोहायला शिकवताना धरायचा तसंच. माझा एक बूट तिथेच राहिला.

वर आलो तर माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे टॅबभोवती उभे. मी म्हटलं संपलं, आता कल्पिता रडणार. खरंच रडत होती. पण म्हणाली, हा. आजी, हाच.

स्क्रीनवर दोघं होती. खालून घेतलेलं, मागे नुसतं आभाळ. तो सगळा पुढे वाकून हात देतोय, तिने त्याला मागून घट्ट धरलंय, आणि दोघं अशी हसतायत की त्यांना फोटोबिटो काही माहीतच नाही. असे अकरा. पाटील बघत राहिले, मग म्हणाले, ह्यो हाय.

सगळ्यांच्या मागे आई उभी, पदराचं टोक हातात. वहिनीने सांगितलं, गडबडीत टॅबवर धूळ उडाली म्हणून आई पुसत होती. शटरचं बटण टॅबवरही असतं, पांढरं, गोल. आई म्हणाली, त्यो एक डाग काय निघंना, म्हणून घासत हुते.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
ऋतुराज आज गेला. निघताना त्याने तो फोटो मोठा छापून घेतला. केबिनमध्ये लावणार म्हणे. कल्पिताचा मेसेज आला, काका, थँक यू, तुम्ही पडलात म्हणून. मी लिहिलं, लो अँगल होता. तिने हसणारा चेहरा पाठवला. विषय संपला नाही असं वाटतं, पण तूर्त राहू दे.

तत्त्वतः बघितलं तर टेदर्ड शूट यशस्वी झालं. कॅमेरा माझ्याच हातात होता. बटण कोणी दाबलं हा तपशील.

शनिवार, ११ एप्रिल
लग्नपत्रिका आली. आत तोच फोटो. खाली बारीक अक्षरात: छायाचित्र, श्रीमती हौसाबाई. म्हणजे आई. दादाला फोन केला. म्हटलं, माझं नाव राहिलं का छापायचं? दादा म्हणाला, आहे की. बघितलं. आमच्या येथे अगत्य यावे, त्यात आहे.

सोमवार, १८ मे
लग्न छान झालं. हॉलमध्ये आईला सगळे भेटत होते. परशुराम पाटलांनी तिला नातवाच्या बारशाच्या फोटोंचं सांगितलं. त्यांना दुसरा कोणी नको आहे.

आज आईचा फोन. टॅब पुसायला मऊ फडकं घेतलंय म्हणाली. मग विचारलं, विन्या, क्यामेरा धराया तू येशील न्हवं? चिखल नाय तिथं.

म्हटलं, बघून सांगतो, मोकळा आहे का.
बघितलं. मोकळा आहे.